सात पट्टे, अकरा माणसं

मंगळवार पेठेत बनाबाई चौगुल्यांच्या कांडपाच्या दुकानात ज्यानं एकदा मिरची दिलीय, त्याला त्यांचा स्वभाव वेगळा सांगायला नको. एखादी बाई म्हणाली, "मिरची जरा ओलसर हाय, पण घ्या की करून," तर बनाबाई पिशवी तशीच तिच्या हातात परत देतात. "दोन दिवस उन्हात टाका, मग या." बाई फणकारते, दुसरीकडं देते म्हणते. "द्या की," एवढंच बनाबाई बोलतात आणि पुढचा डबा ओढतात. दोन दिवसांनी तीच बाई वाळलेली मिरची घेऊन, तोंड वाकडं करून, परत त्यांच्याच दारात. ओल्या मिरचीच्या चटणीला पावसाळ्यात बुरशी येते हे तिलाही ठाऊक असतं. पण कुणीतरी तोंडावर सांगावं लागतं, आणि पेठेत हे काम बनाबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलंय.

माहेर नेसरीचं. पंधराव्या वर्षी शेतात बापाचा ट्रॅक्टर फिरवायची पोरगी. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि पुढची तीस वर्षं हाताला स्टेअरिंग लागलं नाही. नवरा जोतीराम कांडप बघायचा, ही घर बघायची. मग जोतीरामाला साखरेनं गाठलं, डावा डोळा गेला, आणि एक दिवस त्यानं स्कूटर थेट भाजीच्या गाड्यावर घातली. माणूस वाचला, कोथिंबिरीचं काय ते वाटोळं झालं. त्या दिवसापासून जोतीराम काट्यापाशी बसून वजन करतो आणि बाकी सगळा कारभार बनाबाईंचा.

तर ह्या बाईनं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. धाकटा दीर विजयसिंह, तालमीतला माणूस, मिशीला पीळ देत म्हणाला, "घ्या की वहिनी. चालवायला मी हायच."

"गाडी माझी, चालवणार बी मीच."

"तुम्ही?" विजयसिंह हसला. सगळं घर हसलं. आक्का, म्हणजे सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, त्या तर पदर तोंडाला लावून हसल्या. बनाबाईंनी हसणाऱ्या सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बसाप्पा मास्तरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

बसाप्पा मास्तर गडहिंग्लजच्या बाजूचे. सारी हयात यष्टी चालवली, निवृत्त झाल्यावर शिकवायला लागले. निम्मं मराठी, निम्मं कानडी. बाईमाणूस शिकायला आलं की म्हणणार, "या अव्वा, बसा." पहिले तीन दिवस त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. सीट पुढं-मागं कर, आरसे लाव, पट्टा लाव, काढ, परत लाव. बनाबाई वैतागल्या. "मास्तर, मी ट्रॅक्टर चालवलाय."

"त्येच भ्या हाय मला," मास्तर म्हणाले. "शेतात समोरनं कोण येतंय? बगळा. हितं समोरनं कोल्हापूर येतंय."

मग शेंडा पार्काच्या रिकाम्या रस्त्यावर दोन महिने चाललं. वळायच्या आधी आरसा बघायचा, मग इशारा द्यायचा, मग मान वळवून खांद्यावरनं बघायचं, कारण आरशात सगळं दिसत नाही. पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. दिसत नसेल तिथं ओलांडायचं नाही, मागचा कितीही बोंबलू दे. घाट ज्या गेरात चढतो त्याच गेरात उतरायचा, ब्रेक दाबून बसायचं नाही. बनाबाईंनी हे सगळं चटणीच्या मापासारखं पाठ केलं. पहिल्या परीक्षेला आठ काढताना चाक रेघेवर गेलं आणि नापास. घरात परत हशा पिकला. महिनाभर पुन्हा शेंडा पार्क, आणि दुसऱ्या खेपेला पास.

लायसन हातात आल्यावर तर बाई कुणाला आवरेचना. दसरा चौकात भर दुपारी, आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, सिग्नल लाल. बनाबाई मास्तरांची जुनी गाडी घेऊन उभ्या. मागं दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो, हॉर्नवर हॉर्न. एकजण शेजारी येऊन म्हणाला, "मावशी, जावा की, कोण न्हाई." बनाबाईंनी काच खाली केली. "कोण न्हाई म्हणून सिग्नलनं सुट्टी घेतलीय व्हय? तुला घाई असंल तर उडून जा." पोरगं मागं सरकलं. हिरवा होईस्तोवर सगळे उभे राहिले, टेम्पोवालासुद्धा.

पण ही सगळी बाहेरची गंमत. खरी गाठ घरात पडायची होती.

मार्गशीर्षात गाडी आली. सात जणांची, पांढरी. आता चौगुल्यांच्या घरात एक रीत आहे. दारात नवं वाहन आलं की पहिल्या रविवारी ते जोतिबाच्या डोंगरावर न्यायचं, आणि घरातलं एकही माणूस मागं ठेवायचं नाही. एका खेपेत सगळे. आजेसासऱ्याची बैलगाडी अशीच गेलती, विजयसिंहाचा टेम्पो असाच गेलता. टेम्पोत काय, हौद्यात उभं राहून तीस माणसं गेलती आणि आक्का ते अजून कौतुकानं सांगतात. रिकामी जागा ठेवून किंवा माणूस मागं ठेवून वाहन देवाला नेलं तर घरात फूट पडते, असं आक्कांचं म्हणणं. घरची माणसं अकरा. बनाबाई, जोतीराम, आक्का. विजयसिंह, त्याची बायको, मुलगा, सून संयोगिता, आणि संयोगिताची अकरा महिन्यांची प्रियदर्शनी. शिवाय रविवारसाठी मुद्दाम आलेले विजयसिंहाची लेक, जावई आणि जावयाची आई.

"गाडीत पट्टे सात हायेत," बनाबाई शनिवारी जेवताना म्हणाल्या. "सात माणसं येतील. बाकीच्यांनी यष्टीनं नायतर मोटारसायकलीनं यावं. न्हाईतर मी दुसरी खेप करीन."

सगळ्यांना वाटलं, बोलतीया, सकाळी गप होईल. पण त्यानंतर बनाबाईंनी खोलीतनं जे खोकं आणून उघडलं त्यानं मात्र घर ढवळून निघालं. त्यात लहान पोराची सीट होती. पुण्याहून भाचीकडनं मागवलेली. मधल्या सीटवर बांधायची, आणि पोराचं तोंड मागच्या काचेकडं.

"उलटी कशी गं ही?" आक्कांनी विचारलं.

"उलटीच असते. लहान पोराची मान कवळी असते, आक्का. गाडी धाडकन थांबली की पोर पुढं फेकलं जातंय. पाठ पुढच्या बाजूला असली की सीट त्याला धरती."

आक्कांनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे डोंगर चढताना माझी पणती देवाकडं पाठ करून बसणार?"

आता हे तुम्हाआम्हाला हसण्यासारखं वाटेल, पण आक्कांच्या जागी जाऊन बघा. देवळातनं निघतानासुद्धा ज्या बाईनं उभ्या जन्मात देवाला पाठ दाखवली नाही, उलट्या पावली उंबरा ओलांडला, तिला सांगायचं की पोराला पहिल्यांदा देवाला नेतोय आणि सगळ्या वाटेत त्याची पाठ देवाकडं. रीत अशी, की पोर पुढं, मोठ्यांच्या मांडीवर, म्हणजे डोंगर पहिल्यांदा त्यानं बघावा. आक्का रागावल्या नव्हत्या, भ्याल्या होत्या. आणि भ्यालेलं माणूस रागावलेल्यापेक्षा हट्टी.

"मांडीवर पुढं न्हाईच," बनाबाई म्हणाल्या. "पुढं फुगा हाय. गाडी आदळली की फुगा सुटतोय, आणि मांडीवर पोर असलं तर त्याच्या तोंडावर सुटतोय. मोठ्या माणसाला वाचवणारा फुगा पोराला मारतोय."

"अभद्र बोलू नगंस," आक्का म्हणाल्या आणि उठून गेल्या.

विजयसिंहानं मिशीवर हात फिरवला. "वहिनी, बावीस वर्षं झाली गाडी चालवतोय. अशी अकरा न्हाई, पंधरा नेली. काय झालं? कधी कुणाला खरचटलं तरी?"

"आणि लायसन?"

विजयसिंहानं भाकरीचा तुकडा मोडला. त्याचं लायसन दोन वर्षांमागं संपलं होतं आणि ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

संयोगिता भांडी उचलत होती. तिनं खोक्यातल्या सीटकडं एकदा बघितलं, पट्ट्याचं बक्कल हातात घेऊन चटकन दाबलं, सोडलं, आणि सासरे बघतायत म्हटल्यावर आत गेली. लग्नाला अडीच वर्षं झाली होती, आणि ह्या घरात अजून ती सासऱ्यासमोर मोठ्यानं बोललेली नव्हती.

रविवारी सकाळी पूजा झाली. दोन्ही किल्ल्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. बनाबाईंनी मधल्या सीटवर पोराची सीट घट्ट बांधली, गदागदा हलवून बघितली आणि हात धुवायला मागं गेल्या. परत येऊन बघतात तर बोळात गाडी सुरू. स्टेअरिंगवर विजयसिंह. देव्हाऱ्यातली दुसरी किल्ली उचललेली. पट्टा लावला नाही की गाडी केकाटते, म्हणून त्यानं लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं नुसती बक्कलं आणून खोबणीत खुपसलेली. गाडी गप्प, सगळे पट्टे मोकळे. पोराची सीट सोडून अंगणात टाकलेली. पुढं आक्का, मांडीवर नवं कुंची-झबलं घातलेली प्रियदर्शनी. मागं माणसांवर माणसं. शेवटच्या ओळीत दोघांच्या जागेत चौघं, त्यात काचेला गाल लागलेली संयोगिता. पुढच्या काचेवर तालमीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं की डाव्या अंगाचं काही दिसू नये. तेवढ्यातनंही मधोमध जोतीराम दिसत होता, बिचारा. बायकोकडं बघावं की खाली बघावं, ह्या पेचात.

"बसा वहिनी, मधी जागा करतोय," विजयसिंह म्हणाला.

बनाबाई बसल्या नाहीत. त्या चालत गेल्या आणि गाडीच्या पुढ्यात, नाकासमोर, उभ्या राहिल्या. बोळ अरुंद. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला शेजारच्या धोंडुबाईंचा कट्टा. गाडीला दुसरी वाट नव्हती.

"वहिनी, बाजूला व्हा."

"घाला अंगावर."

विजयसिंहानं हॉर्न वाजवला. धोंडुबाई दात घासता घासता बाहेर आल्या, वरच्या गॅलऱ्या भरल्या. मंगळवार पेठेला फुकटचा तमाशा मिळाला की आणखी काय लागतंय.

"आवो, लोक बघायलेत," विजयसिंह दात खाऊन म्हणाला. "देवाच्या कामाला खोडा घालालाय तुम्ही. झालंय काय एवढं? आपल्या घरात अपघातात कुणी मेलंय का?"

आणि इथं बनाबाई तापल्या. आवाज चढला की त्यांचा नेसरीचा सूर येतो, तो आला.

"न्हाई मेलं. म्हणून तर आज बोलालीय. कुणीतरी मेल्यावर तुम्ही सगळे शहाणे व्हणार, मग फोटोला हार घालून सांगत फिरणार, पट्टा लावा, पट्टा लावा. मला कशाला कुणी मरायला पायजे? गाडी माझी हाय. तिच्यात अकरा बसणार न्हाईत आणि पोर पुढं बसणार न्हाई. देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे, मी बघतो देवाचं आणि माझं."

आक्का खिडकीतनं म्हणाल्या, "बना, इतकं मोठं बोलू नगं."

"बोलतो आक्का. देव डोंगराएवढा हाय, पोराच्या पाठीनं त्याला काय होत न्हाई. पोराचं मात्र लई काय होतंय."

जोतीरामानं दाराला हात घातला खरा, पण तो गर्दीत अडकला होता. उतरणारं माणूस वेगळंच निघालं. मागनं आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मला उतरू द्या."

संयोगिता होती. तिला वाट द्यायची म्हणजे चौघांना उतरावं लागलं, आणि तेवढा वेळ सासरा आरशातनं तिच्याकडं बघत होता. ती उतरली, साडी नीट केली, अंगणात गेली आणि ती सीट उचलून आणली. जड होती, गुडघ्यावर टेकवत आणली. मग पुढचं दार उघडलं.

"आक्का, बाळ द्या."

"कुठं बसवणार?"

"मोठ्या आत्या म्हणतात तिथं." संयोगितानं बनाबाईंकडं मान वळवली.

"देवाकडं पाठ करून?"

"व्हय," संयोगिता म्हणाली. पुढं केलेले हात तिनं मागं घेतले नाहीत. आक्कांनी विजयसिंहाकडं बघितलं. विजयसिंह समोर वहिनीकडं बघत होता. मग त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि उतरला. आक्कांनी बाळ दिलं.

मग वाटणी झाली. पावण्या विहीणबाईंना खाली ठेवणं शक्यच नव्हतं. पोर आणि आई मधे, त्यांच्या शेजारी विहीणबाई. मागं जोतीराम आणि विजयसिंहाची बायको. पुढं आक्का. सातवी स्वतः बनाबाई. खुपसलेली बक्कलं त्यांनी एकेक उपसून गटारात टाकली, काचेवरचं तालमीचं नाव नखानं ओरबाडून काढलं. लेक-जावई आणि बापलेक दोन मोटारसायकलींवर निघाले, तेवढ्यात बनाबाई खिडकीतनं ओरडल्या, "चौघांच्याबी डोक्यात हेल्मेट. भाऊजी, मिशी दिसंल, काळजी करू नका." गॅलरीतनं हशा आला. विजयसिंहानं तोंड पाडून हेल्मेट घातलं, पण घातलं.

वाटेत आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. पंचगंगेचा पूल गेला. केर्लीच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगाला लोंबतोय, पुढचं काही दिसत नाही. बनाबाई मागंच राहिल्या. पाठीमागचे बोंबलले, एकजण शिवी देऊन ओलांडून गेला आणि समोरनं ट्रक आल्यावर कसाबसा आत घुसला. विहीणबाईंनी "आई गं" म्हणून डोळे मिटले. बनाबाईही भ्याल्या होत्या, खोटं कशाला सांगा. शिकून सहा महिने झालेली बाई, गाडीत आणखी सहा जीव. पण रस्ता सरळ, मोकळा दिसेपर्यंत ट्रॅक्टरच्या मागंच राहिल्या.

घाट दुसऱ्या गेरात चढला. वळणावळणाला हॉर्न. वर गुलाल उधळत होता, चांगभलंचा गजर चालला होता, आणि मोटारसायकलवाली चौघं आधीच येऊन चहा पीत होती. आक्कांनी बाळाला उराशी धरून गाभाऱ्यापर्यंत नेलं, देवासमोर तोंड करून धरलं, कपाळाला गुलाल लावला. बनाबाईंकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. घरात हे आता वर्षभर चालणार, हे बनाबाईंना कळून चुकलं. वाईट वाटलं त्यांना. पण परत तसाच प्रसंग आला तर परत गाडीपुढं उभी राहीन, हेही त्यांनी नारळ फोडतानाच ठरवून टाकलं.

उतरताना पुन्हा दुसरा गेर. गाडी गुरगुरत खाली चालली. आक्कांची एक सवय, पहिल्या वळणाच्या आधी मागं वळून डोंगराला शेवटचा हात जोडायचा. त्या वळायला गेल्या आणि पट्ट्यानं खांदा ओढून धरला. परत वळल्या. मान अवघडली, पण मागची काच काही नजरेत येईना.

"गाडी थांबव जरा," आक्का म्हणाल्या. बोळातनं निघाल्यापासून पहिलं वाक्य.

"वळणावर थांबत न्हाईत, आक्का."

"अगं, देवाला शेवटचं बघू तरी दे. जन्मात असं न बघता खाली आले न्हाई मी." बनाबाईंचा हात गेरवर होता. समोर उतार, डाव्या अंगाला कठडा, पुढच्या वळणापलीकडं काय आहे ते दिसत नव्हतं.

"थांबणार न्हाई," त्या म्हणाल्या.

मागनं संयोगिता म्हणाली, "आक्का, बाळ बघालंय."

"काय बघालंय?"

"डोंगर. निघाल्यापासनं तिकडंच बघालंय. आपण सगळ्यांनीच पाठ केलीय, हिचं एकटीचं तोंड हाय तिकडं."

जोतीराम आणि जाऊबाईंच्या मधनं मागची काच दिसत होती, आणि काचेत सगळा डोंगर. पोरगी गुलालाचं कपाळ घेऊन, डोळे मोठे करून, तो दूर जाताना बघत होती.

आक्कांनी मागं वळायचं सोडून दिलं आणि पट्टा खांद्यावर नीट केला. मग म्हणाल्या, "संयोगिता, तिचे हात जोड. सांग त्याला, म्हातारीच्या वाटचं म्हणावं."

बनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात सोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. वळण मागं पडलं, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर खालनं यष्टी चढत येताना दिसली. त्यांनी गाडी कठड्याच्या बाजूला घेतली, थांबल्या, आणि चढणाऱ्याला आधी वाट दिली.